पत्रा पाहून डाय निवडा

(गारखेडा येथे रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



मी भाषण करणारा माणूस नव्हे. मी पत्रा वाकवणारा माणूस आहे. गुरुजी म्हणाले, "तुमच्या कामातले चार शब्द सांगा. आमच्या वर्गातली पुष्कळ मंडळी कारखान्यात जातात." म्हणून आलो. येताना ही पिशवी आणली आहे. हिच्यात पत्र्याचे तुकडे आहेत, एक मोजपट्टी आहे, तुरीच्या दोन तुराट्या आहेत, आणि लोखंडाच्या तीन लहान डाय आहेत.

आधी माझा डावा हात पाहा. अंगठ्याशेजारच्या बोटाचे वरचे पेर नाही. मागे बसलेल्यांना दिसले का? ते पेर कसे गेले, ते पुढे सांगतो. मशीन बिघडलेले नव्हते. वीज गेलेली नव्हती. मी झोपेत नव्हतो. डाय चुकीची होती, एवढंच. तेच सांगायला मी आलो आहे.

गारखेडा हे नावातच खेडे आहे. आज ते शहराच्या पोटात आहे. सकाळी सूतगिरणी चौकात उभे राहा. हातात जेवणाचा डबा घेऊन निघालेली माणसे दिसतात. कोणी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जातो, कोणी वाळूजला जातो. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. असे मोठे कारखाने आले, की त्यांना सुटे भाग करून देणारे लहान कारखानेही येतात. त्या लहान कारखान्यांत आपल्यापैकी पुष्कळांची पोरे कामाला आहेत. कोणाचे पोर कापायच्या मशीनवर असते, कोणाचे वेल्डिंगवर, आणि कोणाचे वाकवायच्या मशीनवर.

तुम्ही म्हणाल, पत्रा वाकवण्यात एवढे काय आहे? घरात एकदा नजर फिरवा. धान्याची कोठी पत्र्याची. कपड्यांची ट्रंक पत्र्याची. उन्हाळ्यातला कूलर पत्र्याचा. विजेच्या मीटरची पेटी, कपाट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फळ्या, सगळे पत्र्याचे. आणि यातली एकही वस्तू सपाट नाही. प्रत्येक वस्तू कोणीतरी कुठेतरी वाकवली आहे. सपाट पत्रा वाऱ्याने फडफडतो. त्याच पत्र्याचा काठ वाकवला, की तो ताठ उभा राहतो. कागदाचे पान हातात धरले तर लवते. त्याला मधोमध घडी घाला, म्हणजे लवत नाही. पत्र्याचे तसेच आहे.

आता ही तुराटी घ्या. भाऊ, जरा पुढे या. तुराटी गुडघ्यावर ठेवा. दोन्ही हातांनी तिची दोन टोके धरा आणि वाकवा. वाकली ना? जोर फार लागला का? नाही लागला. आता दुसरी घ्या. हात गुडघ्याच्या अगदी जवळ आणा. वीतभर अंतर ठेवा. वाकवा बरे. बघा, केवढा जोर लागतो! आणि वाकते कसली, मोडतेच. बसा भाऊ, काम झाले.

मंडळी, पत्रा वाकवण्याची निम्मी विद्या या तुराटीत आहे. गुडघा मधोमध दाबतो. दोन हात दोन बाजूंना धरतात. मशीनमध्ये गुडघ्याच्या जागी पंच असतो. पंच म्हणजे वरून खाली येणारी लोखंडाची लांब, पाचरीसारखी पट्टी. दोन हातांच्या जागी डाय असते. डाय म्हणजे खाली बसवलेला लोखंडाचा ठोकळा. त्याला वरच्या बाजूला लांबच्या लांब खाच असते. दोन बोटे फाकवली की जशी दिसतात, तशी ती खाच असते. खाचेच्या दोन कडांना मी खांदे म्हणतो. पत्रा दोन खांद्यांवर आडवा ठेवायचा. वरून पंच येतो, पत्र्याला खाचेत दाबतो, आणि पत्रा वाकतो. या मशीनला प्रेस ब्रेक म्हणतात. कारखान्यात सगळे त्याला बेंडिंगचे मशीन म्हणतात आणि वाकवलेल्या जागेला बेंड म्हणतात.

खांदे दूर असले, की जोर कमी लागतो. खांदे जवळ असले, की जोर जास्त लागतो. तुराटीने आपल्याला हेच सांगितले. मग कोणी म्हणेल, "मग सगळ्यांत रुंद खाचेची डाय घ्या, काम सोपे!" तसे नाही. रुंद खाचेत बेंड गोल येतो, कोपरा धारदार येत नाही. आणखीही एक धोका आहे. त्यानेच माझे बोट नेले. खाच ना फार अरुंद असावी, ना फार रुंद. मग किती असावी? ते पत्र्याला विचारायचे. पत्रा किती जाड, त्यावर खाच ठरते.

म्हणून पहिले काम पत्र्याची जाडी ओळखणे. इथे एक गंमत आहे. बाजारात पत्रा नंबराने मिळतो. त्याला गेज म्हणतात. मामा, तुम्ही सांगा. १६ नंबरचा पत्रा जाड की २४ नंबरचा?

मामा म्हणतात, २४ नंबरचा. हसू नका कोणी. मीही पहिल्या दिवशी हेच म्हणालो होतो. पण ते उलटे आहे. नंबर मोठा, तर पत्रा पातळ. १६ नंबरचा पत्रा साधारण १.६ मिलिमीटर जाड असतो. १८ नंबरचा १.२ असतो. २० नंबरचा ०.९ असतो. २४ नंबरचा जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे ०.५५ च्या आसपास असतो. सुताराची आणि गवंड्याची सूत तुम्हांला माहीत आहे. एक सूत म्हणजे ३ मिलिमीटरला थोडी जास्त. म्हणजे २४ नंबरचे साधारण पावणेसहा पत्रे एकावर एक ठेवले, तर एक सूत भरते. नंबरावर विसंबू नये. पत्रा मोजावा. कारखान्यात जाडी मोजण्याचे साधन असते. ते मागायला लाजू नये. आमच्या वेळी मी लाजत होतो, कारण त्याच्यावरचे आकडे मला वाचता येत नव्हते.

आता डायचा नियम. पत्रा जितका जाड, त्याच्या आठपट खाच रुंद असावी. रुंदी वरच्या तोंडाशी मोजायची, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. १ मिलिमीटरचा पत्रा, तर ८ ची खाच. दीड मिलिमीटरचा, तर १२ ची. २ मिलिमीटरचा, तर १६ ची. ३ मिलिमीटरचा, तर २४ ची. काही ठिकाणी २५ ची मिळते, ती चालते. पत्रा ६ मिलिमीटरच्या वर गेला, की आठपट पुरत नाही, दहापट किंवा अधिक लागते. हा नियम साध्या लोखंडी पत्र्याचा आहे. आठाचा पाढा तुम्ही वर्गात म्हणता. तोच पाढा इथे उपयोगी पडतो.

या खाचेने बेंडचा कोपरा किती गोल होणार, तेही ठरते. खाचेच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी आतली गोलाई येते. १२ ची खाच असली, तर २ मिलिमीटर. २४ ची असली, तर ४ मिलिमीटर. नवीन पोरांना वाटते, की गोलाई वरच्या पंचाच्या टोकावर ठरते. पत्रा खाचेच्या तळापर्यंत न दाबता अधांतरी वाकवतात, तेव्हा गोलाई खालची खाच ठरवते. हल्ली बहुतेक काम तसेच करतात.

जोराचा हिशेबही ऐका. २ मिलिमीटरचा, १ मीटर लांब लोखंडी पत्रा १६ च्या खाचेत वाकवायला सुमारे १७ टन जोर लागतो. तोच पत्रा १२ च्या खाचेत घातला, तर २२ टन लागतो. समजा तुमचे मशीन ४० टनांचे आहे आणि पत्रा २ मीटर लांब आहे. १६ च्या खाचेत ३४ टन लागतील. मशीन ते करील. १२ च्या खाचेत ४४ टन लागतील. मशीन अडेल. पत्रा तोच, मशीन तेच, माणूस तोच. फक्त डाय बदलली.

एका कारखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिले. १ मिलिमीटरचे काम चालू होते. ८ ची डाय चढवलेली होती. दुपारी पाळी बदलली. नवा पोरगा आला. त्याने त्याच डायवर ३ मिलिमीटरची पट्टी ठेवली. तिथे मीटरमागे सत्तर टनांहून जास्त जोर लागला असता. डाय त्यासाठी केलेलीच नव्हती. लग्नात उखळी बार उडतो तसा आवाज झाला. डाय उभी चिरली. एक कपचा उडून समोरच्या भिंतीत लागला. भिंतीच्या जागी कोणी उभे नव्हते, हे आपले नशीब. पोराला सगळे रागावले. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, "डायच्या कडेला आकडा कोरला होता, तो नाही का पाहिलास?" तो खाली मान घालून म्हणाला, "काका, पाहिला. पण कळला नाही."

बहुतेक डायवर खाचेची रुंदी कोरलेली असते. चांगल्या डायवर आणखी एक आकडा असतो. मीटरमागे जास्तीत जास्त किती टन जोर ती सोसेल, तो आकडा. मशीनच्या अंगावरही एक तक्ता लावलेला असतो. आडव्या ओळीत खाचेची रुंदी, उभ्या ओळीत पत्र्याची जाडी, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे टन. आकडे इंग्रजी असतात. त्यात एक फसवणारा आकडा आहे. इंग्रजी नऊ हा पुष्कळसा आपल्या एकासारखा दिसतो. गुरुजी, हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी काढून दाखवा. ज्यांनी नुकतेच आपले आकडे शिकले, ते इथे हटकून फसतात.

आता बोटाची गोष्ट.

१९९८ साल होते. मी एका लहान शेडमध्ये कामाला होतो. तिचे नाव घेत नाही. ती आता चालत नाही आणि नाव घेऊन पेर परत येत नाही. सकाळभर ३ मिलिमीटरचे काम झाले. २४ ची डाय चढवलेली होती. ते बरोबरच होते. दुपारी लहान कंसांचे काम आले. २ मिलिमीटरचा पत्रा. हाताच्या पंजाएवढे तुकडे. प्रत्येकाचा १४ मिलिमीटरचा काठ वाकवायचा. तुकडे दोनशे. दाराशी टेम्पो उभा होता.

पाढा म्हणा. दोन आठे सोळा. १६ ची डाय चढवायला हवी होती. डाय बदलायची म्हणजे बोल्ट ढिले करा, जुनी काढा, नवी बसवा, पंचाशी सरळ रेषेत जुळवा, पुन्हा आवळा. पाव तास जातो. मालक म्हणाले, "अरे, दोनशेच तर आहेत. काढ तशीच." मीही हो म्हणालो. त्यांनी माझा हात धरून दाबला नव्हता. मला आठाचा नियम ऐकून माहीत होता. मला वाटले, डाय रुंद आहे, जोर कमीच लागेल, मग भीती कसली?

आता ही २४ ची डाय पाहा आणि पट्टीने मोजा. मध्यापासून खांद्यापर्यंत १२ मिलिमीटर. माझा काठ १४ चा. म्हणजे खांद्यावर काठ टेकला तो फक्त २ मिलिमीटर. पंच खाली येतो, तसा पत्रा खाचेत ओढला जातो. खांद्यावरचा काठ आत सरकतो. तो खांद्यावरून सुटला, की खाचेत पडतो. म्हणून काठ किती रुंद हवा, याचाही नियम आहे. खाचेच्या रुंदीचे दहा भाग करा. निदान सात भागांएवढा काठ हवा. २४ च्या खाचेला १७ मिलिमीटर काठ हवा. १६ च्या खाचेला ११ पुरतो. १२ च्या खाचेला साडेआठ. माझा १४ चा काठ १६ च्या डायवर सुखाने बसला असता.

पहिले वीस-पंचवीस तुकडे निघाले. वाकडेतिकडे निघाले, पण निघाले. मग एका तुकड्याचा काठ खांद्यावरून सुटला. तो खाचेत पडला आणि तुकड्याची माझ्याकडची बाजू फाटकन वर उडाली. मी तुकडा धरला होता. अंगठा खाली, बोट वर. उडालेल्या पत्र्याने बोट वर नेले आणि पंचावर दाबले. माझा पाय पायदळीवर होता. पाय उचलेपर्यंत झाले ते झाले.

त्या दिवशी दुखले नाही. दुसऱ्या दिवशी दुखले. दोन महिने घरी बसलो. घरात धाकटी मुलगी तान्ही होती. तिला उचलताना पट्टी बांधलेला हात लागायचा आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. बायको शेतात निंदायला जाऊ लागली. दोनशे तुकड्यांचे काय झाले, ते मला पुढे कळले. जे निघाले होते, तेही परत आले. काठ सारखे नव्हते.

एका ताईंनी आत्ता विचारले, "काठ लहानच हवा असेल, तर काय करायचे?" बरोबर विचारले. समजा २ मिलिमीटरच्या पत्र्याला ९ मिलिमीटरचाच काठ हवा आहे. १६ ची डाय चालणार नाही, तिला ११ चा काठ लागतो. तेव्हा १२ ची घ्यावी. जोर वाढेल. पण तुकडा १०० मिलिमीटरच लांब असेल, तर मीटरमागे २२ टन म्हणजे त्या तुकड्याला सव्वादोन टनच. मशीन ते सहज करील. मात्र डायवर कोरलेला टनांचा आकडा आधी पाहावा. दुसरा उपाय असा, की काठ मोठा ठेवून वाकवावा आणि मग कापून लहान करावा. वेळ जातो, पण हात खाचेपासून दूर राहतो. मला स्वतःला हा दुसरा उपाय आवडतो. आणि तुकडा इतका लहान असेल, की बोटे पंचाखाली जातात, तर तो हाताने धरूच नये. सांडशीने किंवा चुंबकाच्या पकडीने धरावा.

वरच्या पंचाविषयी थोडक्यात सांगतो. सरळ पंच मजबूत असतो. पण पेटी करायची असली, तर अडचण येते. पेटीची एक बाजू आधीच वाकलेली असते. दुसरा बेंड घेताना ती वर येऊन पंचाला आपटते. त्यासाठी बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला पंच मिळतो. कारखान्यात त्याला गूजनेक म्हणतात. वाकलेली बाजू त्याच्या मानेच्या पोकळीत मावते. पण मान शेवटी मानच. सरळ पंचाएवढा जोर तिच्यावर घालू नये. आणि आधी पेटीचा कोणता बेंड घ्यायचा, नंतर कोणता, हे कागदावर काढून पाहावे. कागदाची पेटी करून पाहिली तर उत्तमच. माझ्या हाताखालच्या पोरांना मी आधी वहीच्या पुठ्ठ्याची पेटी करायला लावतो. ती रुसतात. पण पत्रा वाया जात नाही.

हिरवी फांदी वाकवून सोडली, तर ती थोडी मागे उलटते. पत्राही तसाच मागे येतो. साधा लोखंडी पत्रा साधारण एक अंश मागे येतो. स्टेनलेस स्टीलचा पत्रा दोन-तीन अंश येतो. काटकोन हवा असेल, तर काटकोनाच्या थोडे पुढे न्यावे लागते. म्हणून डायची खाच नेमकी ९० अंशांची नसते, ८८ ची असते किंवा त्याहूनही निमुळती असते. स्टेनलेसला साध्या लोखंडाच्या दीडपट जोर लागतो. ॲल्युमिनियमला निम्मा लागतो. पण ॲल्युमिनियमची काही जात कडक असते. ती अरुंद खाचेत बाहेरून तडकते. तिला रुंद खाच द्यावी.

पत्र्यालाही लाकडासारख्या शिरा असतात. गिरणीत ज्या दिशेने पत्रा लाटला, त्या दिशेने बारीक रेघा दिसतात. बांबू उभा चिरायला सोपा, आडवा तोडायला कठीण. तसेच इथे. रेघांना आडवा बेंड घेतला, तर तो मजबूत येतो. रेघांच्या दिशेने घेतला, तर तडकायची भीती जास्त. एकदा वाकवलेला पत्रा पुन्हा सरळ करून त्याच जागी वाकवू नये. तांबट घागर ठोकताना मधून मधून ती भट्टीत का घालतो? ठोकून ठोकून तांबे कडक होते. तापवले की पुन्हा नरम होते. पत्राही बेंडच्या जागी कडक होतो. पण तिथे आपण भट्टी लावत नाही. त्यामुळे तो तुटतो.

आता जे कारखान्यात जात नाहीत, त्यांच्यासाठी. गावात कोठी, कूलरची पेटी, छपराचा पन्हाळ हे काम मशीनशिवाय होते. २२ आणि २४ नंबरचा पत्रा हाताने वाकतो. तिथे डाय नसते, पण नियम तोच असतो. कशावर वाकवायचा आणि कशाने, हे पत्रा पाहून ठरवायचे. कोणी रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरतो. कोणी दोन लोखंडी अँगल नटबोल्टने एकमेकांना आवळतो, मध्ये पत्रा धरतो आणि ठोकून वाकवतो. हे चांगले आहे. त्यात बेंड लांबच्या लांब सरळ येतो. ठोकायला लाकडी हातोडा घ्यावा. लोखंडी हातोड्याने पत्रा जागोजाग ताणला जातो आणि त्याला लाटा येतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडे थोडे ठोकत जावे. एकाच जागी पूर्ण वाकवू नये.

धान्याच्या कोठीचे मला जास्त सांगायचे आहे. कोठीचा पत्रा जस्ताचा असतो. म्हणजे आत लोखंड, वर जस्ताचा पातळ थर. जस्त आहे तोवर गंज चढत नाही. अँगलची धार फार तीक्ष्ण असली, तर बेंडवर जस्त तडकते. नुसत्या डोळ्याला दिसत नाही. पावसाळ्यात त्या रेघेवर गंज येतो. मग बारीक भोक पडते. त्यातून ओल आत जाते, किडे जातात, आणि तळाची ज्वारी कुबट होते. कोठी विकणाऱ्याला तुम्ही दोष देता, पण खरा दोष त्या धारेचा असतो. अँगलची धार कानसीने थोडी गोल करून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. विकत घेताना बेंडवर अंगठ्याचे नख फिरवा. खरखरीत लागले किंवा पांढरी पापुद्री निघाली, तर ती कोठी घेऊ नका.

मापाची एक गोष्ट राहिली. ती माहीत नसली, तर झाकण कधीच बसत नाही. वाकताना पत्रा बाहेरून ताणला जातो, आतून दबतो. बाहेरून मोजून ५० आणि ५० मिलिमीटरचा कोन हवा असेल, तर १०० ची पट्टी कापू नये. २ मिलिमीटरचा पत्रा आणि १६ ची खाच असेल, तर ९६ ची कापावी, म्हणजे सुमारे ४ कमी. खाच २४ ची घेतली, तर हा हिशेब बेंडमागे अर्ध्या मिलिमीटरने बदलतो. चार बेंडांत २ मिलिमीटर गेले. म्हणून सकाळी एका डायवर पेट्या केल्या आणि संध्याकाळी दुसऱ्या डायवर केल्या, तर सकाळची झाकणे संध्याकाळच्या पेट्यांना बसत नाहीत. मग भांडण लागते, की माप कोणी चुकवले. माप कोणीच चुकवलेले नसते.

हल्ली कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली आहेत. ती जोराचा हिशेब स्वतः करतात. काहींच्या पुढे उजेडाचा पडदा असतो. त्यात हात गेला, की मशीन थांबते. फार चांगली सोय आहे. पण पत्रा किती जाड आणि डाय कोणती, हे मशीनला माणूसच सांगतो. चुकीचे सांगितले, तर ते चुकीचाच हिशेब करते. ज्यांच्या मुलांना हे काम नीट शिकायचे असेल, त्यांनी चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम पाहून यावी. पंच आणि डाय बनवण्याचे काम तिथे शिकवतात.

मामा मघापासून काहीतरी विचारू पाहत आहेत. बोला मामा. "मालक म्हणाला, बदलू नको, तर काय करायचे?" मामा, हा प्रश्न डायहून कठीण आहे. मी काय करतो ते सांगतो. मी भांडत नाही. मी काठ पट्टीने मोजतो, तुकडा डायवर ठेवतो, आणि मालकाला बोलावून दाखवतो. म्हणतो, "साहेब, खांद्यावर दोनच मिलिमीटर टेकतो. हा सुटणार. माल परत येणार." बोटाचे नाव काढत नाही. माल परत येणार म्हटले, की पुष्कळदा पाव तास मिळतो. नाही मिळाला, तर मी पायदळीवरून पाय काढून उभा राहतो. तरुणपणी एवढे धैर्य नव्हते. ज्याला महिन्याच्या शेवटी भाडे भरायचे आहे, त्याला ते सोपे नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून दोघांनी मिळून सांगावे. एकाला काढून टाकतात, दोघांचे ऐकतात.

बरे, आता माझे बोलणे पुरे. पिशवी रिकामी करू. या तीन डाय आणि हे तीन पत्रे फिरवतो. पत्र्यांवर मी मुद्दाम काही लिहिलेले नाही. मोजपट्टी जाडी मोजायला पुरणार नाही, म्हणून हे जाडी मोजण्याचे साधन घ्या. मावशी, तुमच्यापासून सुरुवात करू. ही डाय दोन्ही हातांनी धरा, जड आहे. कडेला अंगठा फिरवा. कोरलेले लागले का? आता दिव्याखाली धरा आणि मोठ्याने वाचा.

"एक... सहा. सोळा."

सोळा. मग या तिन्हींतला कोणता पत्रा तिच्यावर ठेवाल?